डोक्याचा मार आणि मैदानावरची शाबासकी

१९६२ साली भारताच्या दोन मोठ्या खेळाडूंच्या डोक्याला मार लागला. मार्च महिन्यात बार्बाडोसच्या क्रिकेट सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीवर आदळला. जीव वाचवायला तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला, आणि त्याच्याबरोबर आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे वेल्लोरला त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली गेली आणि तब्बल ६० वर्षांनी, २०२२ मध्ये, ती काढण्यात आली. पण २८ व्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली ती संपलीच.

त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जकार्ताला आशियाई स्पर्धा होत्या. थायलंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात भारताचा भक्कम बचावपटू जर्नेलसिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला उपांत्य सामन्यात पुन्हा उतरवलं, तेही मागे नव्हे, थेट आघाडीला. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात आधी पी. के. बॅनर्जींनी आणि मग जर्नेलने गोल मारला. भारत २-१ ने जिंकला. त्यानंतर आजवर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही.

एका घटनेत माणूस मरता मरता वाचला, दुसरीत देशाला सुवर्ण मिळालं. आपण सांगत आलो ती गोष्ट दुसरी. मार्च २०२० मध्ये पी. के. गेले, एप्रिलअखेर त्या संघाचा कर्णधार चुनी गोस्वामी गेला. टाळेबंदीमुळे चुनीला चाहत्यांना धड निरोपही देता आला नाही. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको गेला; मुंबईत टाटांकडून खेळलेला हा गडी त्या संघातला एकमेव गोमंतकीय. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच संघातले तुलसीदास बलराम गेले. जर्नेलसिंग तर २००० सालीच कॅनडात वारला होता. प्रत्येक वेळी जुने शौकीन जकार्ताची आठवण काढत बसले आणि प्रत्येक वेळी टाके घातलेल्या जर्नेलपाशी येऊन थांबले. खानदेशातल्या आमच्या रावेरलाही फुटबॉलवर बोलणारी माणसं आहेत. संख्येने थोडी, पण बोलायला लागली की चहा गार होतो. क्रिकेटचे शौकीन याच गप्पांत चुनीची दुसरी ओळख सांगतात: १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभ्या राहिलेल्या बंगाल संघाचा कर्णधार तोच होता.

जर्नेलचं कौतुक मला कमी करायचं नाही. त्याची हिंमत खरीच होती, आणि १९६२ मध्ये डोक्याच्या माराविषयी डॉक्टरांनाही आजच्याइतकं ठाऊक नव्हतं. पण ती गोष्ट शाळेच्या मैदानावर पोरांना धडा म्हणून सांगितली जाते, आणि तिथे मला काळजी वाटते. गेल्या २५ वर्षांत फुटबॉलजगतात डोक्याच्या मारावर जे संशोधन झालं, जे वाद झाले, नियम बदलले, ते सगळं बघितलं की आपल्या गावातल्या मैदानाकडे तसंच बघत राहता येत नाही.

सुरुवात इंग्लंडमधल्या जेफ अ‍ॅस्टलपासून करावी लागते. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा हा ९ नंबरचा आघाडीपटू. १९६८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्ध विजयी गोल त्याचा. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, हे त्याचं हुकमी अस्त्र. पुढे पन्नाशीतच त्याला विस्मृतीने गाठलं. तो २००२ च्या जानेवारीत गेला तेव्हा वय होतं फक्त ५९. त्याच वर्षी मृत्यूची न्यायिक चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला तो धक्कादायक होता: मृत्यू व्यवसायजन्य आजाराने. खाणकामगाराच्या फुफ्फुसाला धूळ लागते तसा याच्या मेंदूला चेंडू लागला होता, असा त्याचा अर्थ. एखाद्या फुटबॉलपटूबद्दल असं अधिकृतपणे कधी म्हटलं गेलं नव्हतं.

मग काय झालं? काहीच नाही. दहा वर्षांचा म्हणून एक अभ्यास सुरू झाला, तो मधेच बारगळला. घरच्यांना कोणी कळवलंही नाही. २०१४ मध्ये ग्लासगोचे मेंदूविकारतज्ज्ञ विली स्टुअर्ट यांनी अ‍ॅस्टलच्या जपून ठेवलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा झिजरोग त्यांना तिथे सापडला. हा रोग १९२८ पासून मुष्टियोद्ध्यांमध्ये माहीत होता, आता तो फुटबॉलपटूत दिसला. त्याच वर्षी वेस्ट ब्रॉमचे चाहते पुढे आले. सामन्याचं नववं मिनिट लागलं की सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायचं, आणि ‘जस्टिस फॉर जेफ’ असे फलक झळकायचे. एप्रिल २०१५ मध्ये क्लबने एक सामना त्याच्या नावाने खेळला, खेळाडूंनी १९६८ च्या कपातल्या पांढऱ्या पोशाखाची नक्कल अंगात घातली.

मला या सगळ्या प्रकरणात हे फार मोलाचं वाटतं. चाहते आठवण काढतात, हळहळतात आणि घरी जातात, हे नेहमीचं. इथे चाहत्यांनी आठवणीला मागणीचं रूप दिलं. ज्या गड्याच्या डोक्याने आम्हाला कप मिळवून दिला, त्याच्या डोक्याचं पुढे काय झालं हे आम्हाला कळलं पाहिजे, एवढंच ते म्हणत होते. नंतर जे संशोधन झालं त्याला पैसा देणं फुटबॉल संघटनांना टाळता आलं नाही, ते या दबावामुळेही.

ते संशोधन २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालं. स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी घेतल्या आणि त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या सुमारे २३,००० सामान्य माणसांशी त्या ताडून पाहिल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. अल्झायमरचं त्याहून जास्त, सुमारे पाच पट. २०२१ मध्ये त्याच माहितीची पुढची चाळणी केली तेव्हा गोलरक्षकांमध्ये धोका फारसा वाढलेला दिसला नाही. बचावपटूंमध्ये तो सर्वांत जास्त, सुमारे पाच पट होता. जितकी कारकीर्द लांब, तितका धोका अधिक. चेंडू कोण डोक्यावर घेतो आणि कोण हातात, हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्यांचा रोख लगेच कळेल. जर्नेलसिंग स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू होता, हेही लक्षात घ्यावं.

आकडे एकतर्फी मात्र नाहीत, आणि ते तसे सांगूही नयेत. याच अभ्यासात दिसलं की माजी खेळाडू हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने कमी मरतात, सत्तरीपर्यंत इतरांपेक्षा सुखरूप असतात. शिवाय साडेतीन पट ऐकून छातीत धस्स होतं, पण मूळ प्रमाण खेळाडूंमध्ये १.७ टक्के आणि इतरांमध्ये ०.५ टक्के होतं. स्वीडनमध्ये ६,००७ प्रथम श्रेणीच्या फुटबॉलपटूंचा अभ्यास २०२३ मध्ये आला. तिथे धोका दीडपट दिसला, आणि गोलरक्षक इथेही सुटले. म्हणजे पोराला फुटबॉलपासून तोडा असं कोणताच शास्त्रज्ञ म्हणत नाही. मैदानावर पळणारं पोर हे मोबाइल घेऊन बसलेल्या पोरापेक्षा केव्हाही बरं. सगळा वाद डोक्यापुरता आहे.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: पूर्वीचा चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड व्हायचा, आताचा हलका, मग आता कसली भीती? कोरड्या चेंडूचं वजन नियमाने तेव्हाही ४१०-४५० ग्रॅम होतं, आजही तेवढंच आहे. जुना चेंडू पाणी प्यायचा हे खरं. पण आताचा चेंडू पाणी पीत नाही म्हणूनच जास्त वेगाने येतो. ग्लासगोच्या माहितीत १९१० पासून १९६० च्या दशकापर्यंत जन्मलेल्या खेळाडूंमध्ये धोका कमी होत गेलेला दिसला नाही. त्यामुळे आक्षेप तिथेच लुळा पडतो.

इंग्लंडच्या १९६६ च्या विश्वविजेत्या अकरा जणांपैकी पाच जणांना स्मृतिभ्रंश झाला: रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्लटन आणि त्याचा भाऊ बॉबी. ब्राझीलच्या १९५८ च्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार बेलिनी २०१४ मध्ये गेला, त्याच्याही मेंदूत हाच झिजरोग निघाला. आपल्या पी. के. बॅनर्जींना शेवटच्या काळात पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश होता. पण पी. के. ८३ वर्षांचे होते, आणि त्या वयात हे आजार फुटबॉल न खेळलेल्यांनाही होतात. एका माणसाच्या आजारावरून हेडिंगला दोषी ठरवता येत नाही. म्हणून तर हजारोंच्या नोंदी लागतात.

त्या नोंदी आपल्याकडे काढता येतील का? मला वाटतं, येतील. भारतीय फुटबॉलचा फार मोठा भाग रेल्वे, टाटा, पोलीस आणि लष्कर यांच्या नोकऱ्यांवर उभा राहिला. पी. के. स्वतः रेल्वेचे. रेल्वेकडे आपल्या माणसांच्या सेवेची, निवृत्तिवेतनाची नोंद असते, रेल्वेची स्वतःची इस्पितळं आहेत. खेळाडू म्हणून भरती झालेले कोण, त्यांच्यासोबत लागलेले इतर कर्मचारी कोण, उतारवयात कोणाला काय झालं, हे ताडायला स्कॉटलंडला जावं लागणार नाही. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते. कोणा वैद्यकीय महाविद्यालयाने मनावर घेतलं तर हे काम होण्यासारखं आहे.

आता दुसरा मार. म्हाताऱ्या खेळाडूंचा झिजरोग हा हळू येणारा भाग. एका झटक्यात बसणारा धक्का हा वेगळा. डोकं जोरात आदळलं किंवा नुसतं झटकलं गेलं तरी आतला मेंदू कवटीत हलतो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. रक्त येत नाही, हाड मोडत नाही, सीटी स्कॅन बहुतेक वेळा साफ येतो. दहातल्या नऊ वेळा तर शुद्धही हरपत नाही. म्हणूनच हा मार लपून राहतो. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्तोफ क्रामर १७ व्या मिनिटाला एका अर्जेंटिनी खेळाडूच्या खांद्यावर आदळला. उठला, खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने पंच रिझोली यांना विचारलं, हा अंतिम सामनाच आहे ना? पंचांना वाटलं थट्टा करतोय. पुन्हा विचारल्यावर त्यांनी जर्मन संघाला सांगितलं आणि ३१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात, कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर, एक खेळाडू चौदा मिनिटं कुठे आहे हे न कळता पळत होता. मग आपल्या आंतरशालेय सामन्यात ते कोणाला दिसणार?

आणि न दिसण्याची किंमत फार मोठी असू शकते. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयाच्या मेंदूला अचानक सूज येऊ शकते. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा रग्बीच्या एकाच सामन्यात पुन्हा पुन्हा मार खाऊनही मैदानावर राहिला आणि दोन दिवसांत दगावला. त्याच्या वडिलांनी नंतर वर्षानुवर्षं खेटे घातले. २०१५ मध्ये स्कॉटलंडने आणि २०२३ मध्ये संपूर्ण ब्रिटनने शाळा-क्लबांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: शंका जरी आली तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत नाही; २०२३ च्या सूचनेत तर स्पर्धेचा सामना किमान २१ दिवसांनी, तोही आधीचे १४ दिवस काही त्रास नसेल तरच.

हेडिंगचे नियमही बदलले. अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सरावातून ते काढलं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूंनासुद्धा आठवड्याच्या सरावात जोराचे दहाच हेडर मारण्याचा सल्ला आहे. १ जुलै २०२४ पासून डोक्याच्या मारासाठी एक जादा बदली खेळाडू फुटबॉलच्या नियमांत कायमचा आला. खेळाडूंच्या संघटनेची मागणी यापुढची आहे: दहा मिनिटांसाठी तात्पुरता बदली द्या, तेवढ्यात डॉक्टर नीट तपासतील. नियम करणाऱ्यांनी ती अजून मानलेली नाही. मला मागणी बरोबर वाटते. बदली कायमची असली की प्रशिक्षक कचरतो, खेळाडूही ‘बरं आहे’ म्हणून रेटतो.

बदलीच्या गैरवापराची भीती मात्र खोटी नाही; क्रिकेटमध्ये ती दिसली. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याच्या गहुंजे मैदानावर इंग्लंडविरुद्ध शिवम दुबेच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला. त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि तीन बळी घेऊन गेला. फलंदाजी करून मध्यमगती टाकणाऱ्याच्या जागी अस्सल वेगवान गोलंदाज कसा, म्हणून इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर चिडला. त्याचा राग समजण्यासारखा होता. बदलीच्या अटी कडक कराव्यात, जरूर कराव्यात. पण त्या वादात दुबेच्या डोक्याची चौकशी फार थोड्यांनी केली, याचं मला वाईट वाटलं. २०१४ मध्ये फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून २५ व्या वर्षी गेला. त्याआधी, १९९८ मध्ये, आपला रमण लांबा ढाक्याला शॉर्टलेगवर उभा असताना डोक्याला चेंडू लागून गेला. त्याने शिरस्त्राण घातलं नव्हतं. क्रिकेटमधला बदलीचा नियम या मरणांनंतर आलेला आहे.

महाराष्ट्रात फुटबॉल म्हणजे कोल्हापूर. तिथे पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस या नावांवर पेठा-पेठा वाटल्या जातात, शाहू स्टेडियम भरतं, आणि त्याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्या विश्वचषकाच्या निमित्ताने सप्टेंबर २०१७ मध्ये ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झालं आणि खानदेशातल्या शाळांतही फुटबॉल आले. चेंडू आले हे फार चांगलं झालं. त्याच्याबरोबर डोक्याविषयी दोन ओळींची सूचना आली असती तर आणखी चांगलं झालं असतं.

कारण आमच्याकडे मैदान म्हणजे काय, हे सांगायला हवं. तापीकाठची काळी माती. पावसाळ्यात पाय रुततो, आणि होळीनंतर तीच माती तडकून दगड होते. त्यावर उंच चेंडूसाठी दोन पोरं एकदम उडतात, कपाळावर कपाळ आपटतं, एक जण पाठीवर पडतो आणि डोक्याचा मागचा भाग जमिनीवर बसतो. बाटलीतलं पाणी तोंडावर. दोन बोटं समोर, ‘किती दिसतात?’ पोरगं ‘दोन’ म्हणतं. ‘काही नई झालं भो, खेय.’ टेंगूळ आलं तर संध्याकाळी घरी आजी हळद-चुना लावते. यात कोणाचा दुष्टावा नाही. सगळे प्रेमानेच वागतात. पण डोकं गरगरणाऱ्या पोरालाही दोन बोटं दोनच दिसतात. त्याला विचारायचं असतं ते वेगळं: आपण कोणाशी खेळतोय, शेवटचा गोल कोणी मारला, मागचा सामना जिंकलो का. उत्तर चुकलं, उशिरा आलं, पोर नेहमीपेक्षा गप्प किंवा चिडचिडं वाटलं, की ते बाहेर.

कबड्डीत तर हे आणखी घडतं. चढाईवाल्याला साखळीने पकडताना कोपऱ्यातला बचावपटू त्याच्या पायात शिरतो आणि बचावपटूचं डोकं गुडघ्यावर आदळतं. कुस्तीतही डाव लागताना मान आणि डोकं जमिनीवर येतं. फुटबॉलवरची चर्चा या दोन खेळांना जशीच्या तशी लागू आहे, आणि आमच्या भागात फुटबॉलपेक्षा हे खेळ खेळणारी पोरं कितीतरी जास्त. मुलींचाही वेगळा विचार करावा लागेल. एकाच खेळात मुलींना असा धक्का मुलांपेक्षा जास्त बसतो, असं पाश्चात्त्य शाळांच्या नोंदींत दिसलं आहे.

आमच्या भागात मेंदूच्या शल्यचिकित्सकाकडे पोचायला सावदा, फैजपूर, भुसावळ ओलांडून जळगाव गाठावं लागतं, नाहीतर सीमेपलीकडे बऱ्हाणपूर. म्हणून मैदानावरच्या माणसाला धोक्याच्या खुणा तोंडपाठ हव्यात: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत कळ, दोन-दोन दिसणं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, झटका, जागं करूनही गुंगीत राहणं. यातलं एक जरी दिसलं तर घरी नव्हे, दवाखान्यात. आणि यातलं काहीच नसलं तरी पोराला त्या रात्री एकटं सोडू नये, दोन दिवस मोबाइल आणि अभ्यासाचा ताण कमी ठेवावा, आधी शाळा आणि मग खेळ अशा पायऱ्यांनी परत आणावं.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, बाहेर काढायचा निर्णय पोराकडे ठेवू नये. चौदा वर्षांचा खेळाडू कधीच ‘मला बाहेर काढा’ म्हणणार नाही, आणि तो म्हणत नाही म्हणूनच तर तो आपल्याला आवडतो. निर्णय संघाच्या शिक्षकाकडेही एकट्याकडे नसावा, कारण सामना त्यालाही जिंकायचा असतो. तालुका क्रीडा स्पर्धेत प्रत्येक सामन्याला दोन्ही संघांबाहेरचा एक शिक्षक फक्त डोक्याच्या मारासाठी नेमावा आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. यासाठी पैसे लागत नाहीत, शासननिर्णयाची वाट बघावी लागत नाही. क्रीडाशिक्षकांनी या हंगामाच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि पालकांनी तो घ्यायला लावावा, ही माझी विनंती आहे.